पहिला नंबर की पुढचा मुक्काम?

ध्येय कसं असावं? "आकाशाला गवसणी घालणारं!" शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापासून आमच्या एचआरच्या स्लाईडपर्यंत सगळीकडे हेच छापील उत्तर. गवसणी म्हणजे काय, हे मात्र कुणी विचारत नाही. वाद्यावर घालायची कापडी खोळ. आणि गंमत अशी की आकाशाला ती घालायला निघालेल्या मंडळींच्या शाळेतला ड्रम व्हरांड्यात उघडाच पडलेला असतो.

तर आजचा विषय शाळांची बँड पथकं. हसू नका, तुमच्या-माझ्या अप्रेझलचा विषयही हाच आहे.

केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून शाळांची राष्ट्रीय बँड स्पर्धा घेतात. आधी राज्य, मग विभाग, मग दिल्ली. जानेवारी 2025 ची अंतिम फेरी मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झाली. गट चार: ब्रास बँड आणि पाईप बँड, दोन्हींत मुलं वेगळी, मुली वेगळ्या. विभागही चार. म्हणजे अंतिम फेरीत पथकं 16 आणि अख्ख्या देशात पहिले नंबर फक्त 4. स्पर्धेशी माझं भांडण नाही, उत्तम उपक्रम आहे. भांडण आहे ते जूनमध्ये पोरांना ओळीत उभं करून "यंदा पहिला नंबर आणायचाच!" म्हणणाऱ्या मोठ्या माणसांशी.

कारण पहिला नंबर हे ध्येयच नव्हे. तो निकाल आहे. निम्मा तुमच्या वाजवण्यावर, निम्मा बाकीच्यांच्या वाजवण्यावर. तुम्ही जीव तोडून वाजवलंत आणि शेजारच्या जिल्ह्याने थोडं जास्त चांगलं वाजवलं, की तुमचं वर्ष "फुकट"? आणि तुम्ही गचाळ वाजवलंत, पण बाकीचे त्याहून गचाळ निघाले, की फटाके? अशा मोजपट्टीने कोण काय शिकणार?

आयटीत हेच बेल कर्व्हच्या नावाने चालतं. टीममधले दहाही जण चांगले असले तरी कुणाला तरी तळाला ढकलायचंच. मायक्रोसॉफ्टने 2013 साली हा प्रकार बंद केला. आमच्याकडे मात्र पाचवीच्या पोराच्या गळ्यात साईड ड्रम अडकवतानाच तो सुरू होतो.

आता जरा माझ्या भागाकडे या. मी नारायणगडाच्या पंचक्रोशीतला. बीड जिल्हा, नगद नारायण महाराजांचं स्थान, आमच्याकडे त्याला धाकटी पंढरी म्हणतात. इथलं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीच्या सुमाराला अर्धं रिकामं होतं. कारण ऊसतोड. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं असतं. लहान पोरं सोबत जातात, ती परत येतात मार्च-एप्रिलला. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, काही पोरं आजी-आजोबांकडे राहतात, पण सगळी नाही. आमच्या शाळेत दिवाळीची सुट्टी संपली की पथकाच्या रांगेत भोकं दिसायची. कालचा बास ड्रमवाला आज फडावर.

आणि स्पर्धेचा मोसम कधी? हिवाळ्यात. अंतिम फेरी जानेवारीत. म्हणजे ज्या महिन्यांत पथक पूर्ण असायला हवं, नेमक्या त्याच महिन्यांत ते मोडलेलं असतं. हे वेळापत्रक समोर दिसत असताना "इच्छा असेल तिथे मार्ग" म्हणणं ही प्रेरणा नाही. ही पोरांची फसवणूक आहे. जानेवारीत हरल्याचं खापर मग फुटतं कुणावर? "पोरांना सिरियसनेसच नाही."

"म्हणजे गरिबाच्या पोरांनी लहान स्वप्नं बघायची?" हा प्रश्न येणार, मला माहितीये. अजिबात नाही. वास्तव ध्येय म्हणजे लहान ध्येय नव्हे. तारीख, माणसं आणि वाद्यं मोजून ठरवलेलं ध्येय. जून ते दिवाळी तुमच्या हातात साडेचार महिने आहेत ना? मग खरी परीक्षा 15 ऑगस्टला ठेवा, मोठा कार्यक्रम दसऱ्याला. ब्रास नाही, बॅगपाईप नाही? (बॅगपाईपची पिशवी काखेत यायच्या आधी नुसत्या चँटरवर बोटं बसवण्यात महिने जातात, हे दिल्ली-दिल्ली करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.) लेझीम आहे, झांज आहे, ताशा आहे. ध्येय लिहा: तीस पोरं, तीन चाली, चालता चालता लय सुटणार नाही, वळताना रांग मोडणार नाही. जमलं की नाही, हे कुणालाही बघून सांगता येतं. परीक्षकही लागत नाही.

नंबराशिवाय दर्जा टिकत नाही म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतलं उदाहरण. टेक्सासमध्ये शाळांच्या मार्चिंग बँडचं वेड प्रचंड आहे, राज्याची फेरी सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये होते. पण तिथेही पहिल्या पायरीवर क्रमांक नसतो, श्रेणी असते. एक ते पाच. दर्जा गाठला की पहिली श्रेणी, मग ती कितीही बँडना मिळो. नंबरांची मारामारी त्यानंतर. आणि आपल्याला हे नवीन आहे का? गांधर्वच्या परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट काय आहेत? शेजारच्या पोराला ए ग्रेड मिळाली म्हणून तुमची जात नाही. शाळांच्या बँडसाठी तालुक्याला अशी श्रेणी-परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये का होऊ नये? त्याला दिल्लीची परवानगी नको, चार संगीत शिक्षक आणि एक मैदान पुरे.

खरं तर चालत वाजवण्याची अख्खी शाळा आमच्या अंगणातच आहे. नारायणगडाची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. दिंडी नीट बघा कधी. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, तुळस घेतलेल्या बायका. शेकडो माणसं एका ठेक्यावर पावली टाकतात. आळंदीच्या सोहळ्यात तर दिंड्यांना नंबरही असतात, रथापुढे 27 दिंड्या. पण तो नंबर तुम्ही कुठे चालायचं हे सांगतो, तुम्ही कितवे आलात हे नाही. आणि वारकऱ्याचं ध्येय काही लहान नसतं हो, थेट विठ्ठल! तरी सकाळी निघताना तो विचारतो ते एवढंच: आजचा मुक्काम कुठे? किती कोस? पाणी कुठे? एवढं मोठं ध्येय आणि एवढं काटेकोर प्लॅनिंग. आमच्या पीएमओला जमत नाही.

तेव्हा बीडमधल्या, पुण्यातल्या, कुठल्याही पीटीच्या सरांना, पालकांना आणि हो, मॅनेजर लोकांनाही माझं जाहीर सांगणं आहे. पोरांना दिल्लीचं स्वप्न जरूर द्या, पण त्यासोबत आजचा मुक्काम सांगा. तो सांगता येत नसेल, तर तुमच्याकडे ध्येय नाही, नुसती घोषणा आहे. घोषणा देणारे 26 जानेवारीला व्यासपीठावर बसतात. ड्रम पोराच्या गळ्यात असतो.

आणि जमलं तर या सोमवारी शाळेतल्या त्या ड्रमला एक गवसणी शिवून घ्या. आकाशाचं नंतर बघू.