शत्रूचा वकील? असायलाच हवा!

वर्दीतला अधिकारी आपल्याच सरकारविरुद्ध कोर्टात उभा राहिला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? सोशल मीडियावर तर दोन मिनिटांत निकाल लागेल : गद्दार! पण जरा थांबा. आधी चार्ल्स स्विफ्टची गोष्ट ऐका.

स्विफ्ट अमेरिकन नौदलात लेफ्टनंट कमांडर. काम वकिलीचं. २००३ मध्ये त्याला अशील मिळाला सालिम हमदान, ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर! २००१ मध्ये अफगाणिस्तानात पकडलेला आणि ग्वांतानामोच्या तुरुंगात ठेवलेला. खटला चालणार होता राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशाने नेमलेल्या खास लष्करी आयोगापुढे. तिथे आरोपीला सुनावणीतून बाहेर काढता येत होतं, त्याला न दाखवलेला पुरावा त्याच्याविरुद्ध वापरता येत होता. स्विफ्टकडून अपेक्षा एकच, अशिलाला गुन्हा कबूल करायला तयार करा.

त्याने उलटं केलं. भारतीय वंशाचे कायद्याचे प्राध्यापक नील कत्याल यांना सोबत घेऊन तो थेट संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्याविरुद्ध लढला. २९ जून २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की हे आयोग अमेरिकेचा लष्करी कायदा आणि जिनिव्हा करार, दोन्हींत बसत नाहीत.

बक्षीस? साधारण दोन आठवड्यांत त्याला कळलं, की बढती नाकारली गेली आहे. तिथल्या नियमानुसार बढती नाही म्हणजे घरी जा. २००७ मध्ये तो निवृत्त झाला. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, यावर वाद घाला हवं तर. पण वर्दी उतरल्यावरही त्याने हमदानची केस सोडली नाही, हे विसरू नका.

‘अतिरेक्याच्या माणसाला कशाला हवा वकील?’ हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. २००९ मध्ये मुंबईत कसाबसाठी कोर्टाने वकील नेमला, तेव्हा त्या वकिलाच्या घरावर दगडफेक झाली होती. राग समजू शकतो. पण कसाबला वकील मिळाला, पुरावे उलटतपासणीतून गेले, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. म्हणूनच ‘खटला नावापुरता होता’ असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही. बचावाच्या वकिलाने देशाचं नुकसान केलं नाही, उलट निकाल भक्कम केला.

आपल्या लष्करातही ‘जॅग’ म्हणजे जज अॅडव्होकेट जनरल शाखा आहे आणि लॉ केलेल्या मुलामुलींना तिथे थेट अधिकारी होता येतं. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेने जाणार असेल, तर जरूर जा. फक्त एक लक्षात ठेवा, सीमेवर शत्रू समोर असतो. कोर्टात मात्र कधी कधी आपल्याच वरिष्ठांना ‘सर, हे कायद्यात बसत नाही’ असं सांगावं लागतं. आणि तेही देशाचं रक्षणच असतं.