शॉकने मेंदू जळतो का?

वस्तीत 'शॉक' शब्द निघाला की बाया म्हणतात, "करंट देऊन माणसाला येडं करतात." आम्ही मानसिक रुग्णांच्या वॉर्डात नोकरी केली आहे. ही भीती उगाच आलेली नाही. भूल न देता शॉक देताना पेशंटचे हातपाय धरायला आम्हीही उभ्या राहिलो. ते चूकच होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यावर बंदी आहे.

पण मेंदू जळतो हे खरं नाही. काही सेकंदांच्या करंटने फिट येते, आणि गुण येतो तो त्या फिटमुळे. पेशीतली जनुकं म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं याच्या सूचना. प्रयोगशाळेत उंदरांना अशी फिट आणली, तेव्हा थोड्याच वेळात सी-फॉस हे जनुक जागं झालं. पुढच्या काही तासांत बीडीएनएफचं काम वाढलं. हे प्रथिन मेंदूच्या पेशी जगवतं, त्यांना नवे फाटे फुटू देतं. जनुकाची लिपी बदलत नाही, फक्त त्याचं काम वाढतं. माणसाचं नैराश्य नेमकं यानेच हटतं, असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

विसरायला होतं, हेही खरं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं; काहींच्या त्या काळातल्या आठवणी परत येत नाहीत. डॉक्टरांनी हे सहीआधी सांगायलाच हवं.

म्हणून शॉकचं नाव ऐकून पेशंटला भगताकडे नेऊ नका. भूल देणारे डॉक्टर आहेत का, विचारा. संमतीचा कागद मराठीत वाचून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची आधी परवानगी लागते. तीही दाखवायला सांगा.