‘मला काय कळतंय त्यातलं!’

सहलीला निघायचं म्हटलं की घरातल्या बाईच्या डोक्यात आधी डबे येतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गाडी लागणाऱ्या पोरासाठी आवळासुपारी... एवढं सगळं सांभाळून ठिकाणावर पोचलं की बाकीचे बघायला आत जातात आणि आपण सामानापाशी बसतो. देऊळ असलं तर आपण पुढे. संग्रहालय आलं की मात्र, ‘तुम्ही या बघून, मला काय कळतंय त्यातलं!’ मैत्रिणींनो, किती सहज येतं ना हे वाक्य तोंडावर? आज त्याबद्दलच बोलायचंय.

गेल्या सुट्टीत आम्ही आणि धाकटे दीर-जाऊ मुलांना घेऊन गाडीने कन्याकुमारीला गेलो. आपल्या पनवेलहून निघणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग गोवा, कारवार, मंगळूर करत थेट तिथवर जातो. तिरुवनंतपुरमच्या अलीकडे वाट थोडी वाकडी केली की समुद्राकाठी थुंबा लागतं. तिथे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचं अवकाश संग्रहालय आहे, आणि तेही चक्क एका जुन्या चर्चमध्ये!

‘चर्चमध्ये रॉकेट कसं?’ मुलांनी विचारलंच. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त थुंबाजवळून जातं. वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला ही जागा सोयीची, म्हणून ती निवडली गेली. पण तिथे होती कोळ्यांची वस्ती आणि सेंट मेरी मॅग्डलीन चर्च. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी लोकांना विश्वासात घेतलं आणि जागा मिळाली. त्याच चर्चमध्ये तरुण अब्दुल कलाम आणि त्यांचे सहकारी काम करत. रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी इथून पहिलं रॉकेट उडालं, ते अमेरिकेकडून मिळालेलं. १९६७ साली आपलं स्वतःचं ‘रोहिणी-७५’ उडालं. ७५ म्हणजे काय, तर मिलिमीटरमधला व्यास. चहाच्या कपाच्या तोंडाएवढा! आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोटाहून झेपावलेलं रॉकेट होतं ४३ मीटरहून उंच आणि सुमारे ६४० टन वजनाचं.

हे सगळं बघताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपली. शेजारच्या कुटुंबातले वडील मुलाला पुढे घेऊन एकेक रॉकेट समजावत होते. त्याची दहा-अकरा वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन मागे उभी. मान सारखी उंच करून बघत होती बिचारी. आई बाहेर सावलीत, पिशव्या राखत. कुणी कुणाला अडवलं नव्हतं हो. नुसती सवय!

आमची पुतणी नववीत आहे. तिने मला विचारलं, ‘काकू, रॉकेटचे तुकडे मधेच गळून पडतात, ते वाया नाही जात?’ मी कला शाखेची, मला कुठलं येतंय? म्हटलं, ‘चल, फलकावर काय लिहिलंय बघू.’ दोघींनी मिळून इंग्रजी वाचलं, अडलं तिथे तिच्या काकांना विचारलं. इंधन संपलेला टप्पा म्हणजे नुसतं ओझं. तो टाकला की उरलेलं रॉकेट हलकं होऊन जोरात पुढे जातं. ‘म्हणजे आपले रिकामे डबे!’ पुतणी म्हणाली. ‘पण तू ते कुठे टाकतेस?’ सगळे हसलो. सगळी उत्तरं येणारीच आई लागते असं नाही. सोबत उत्तर शोधणारी असली तरी पोरं खूश असतात.

बचत गटाच्या कामामुळे मी गावोगाव फिरते. दहावीनंतर ‘मुलीला सायन्स कशाला? कॉलेज लांब, एसटीची वेळ अडचणीची’ हे घरोघरी ऐकते. अडचणी खोट्या नाहीत. पण मला वाटतं, निर्णय त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. भाऊ पुढे आणि ती मागे उभी राहते, तेव्हाच!

आणि बायकांना यातलं कळत नाही असं कोण म्हणतं? चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक होत्या मुथय्या वनिता, मोहीम संचालक रितू करिधाल. चांद्रयान-३ च्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती. सूर्याच्या अभ्यासासाठी २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी तर तमिळनाडूतल्या सेंगोट्टईच्या. आपल्यासारखंच लहान गाव ते.

थुंबा लांब आहे, मान्य. पण मुंबईत नेहरू तारांगण आणि नेहरू विज्ञान केंद्र आहे, नागपूरला रामन विज्ञान केंद्र, पिंपरी-चिंचवडला सायन्स पार्क. लग्नकार्याला, दवाखान्याला आपण या शहरांत जातोच ना? त्यातच दोन-तीन तास काढायचे. पिशव्या पाळीपाळीने सांभाळायच्या, त्यात घरातले पुरुषही आले. मुलीला पुढे उभी करायची. आणि तिने काही विचारलं, तर ‘बाबांना विचार’ म्हणण्याआधी एकदा ‘चल, आपण बघू’ म्हणून तर बघा!