वळून येण्याची मुभा

पन्नाशी उलटलेल्या, मुलांना गणित शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने हिवाळ्यातल्या रात्रीमागून रात्री 'एल्डन रिंग' नावाच्या व्हिडिओ गेमपुढे बसून काढाव्यात, आणि तो पुरा झाल्यावर आपला आनंद लपवूही नये, ही गोष्ट आमच्या खटकचिंचोळीतल्या पारावरच्या मंडळींना फार लागली आहे असे दिसते. त्यांची फिर्याद दुहेरी आहे: हे व्यसन आहे, आणि व्यसन नसले तरी त्यातून हाती काही उरत नाही. तिसरी हरकत माझ्याच घरातून आली. ज्याच्या यंत्रावर मी खेळलो तो माझा पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही मदत घेऊन जिंकलात, तेव्हा तुमचे संपवणे हे संपवणे नव्हेच." या तिन्ही आक्षेपांना उत्तर देण्यासाठी हे लिहीत आहे, आणि मनापासून लिहीत आहे, कारण आक्षेप घेणारे सारे माझे आप्त आहेत.

पहिल्या आक्षेपाचा निकाल लवकर लागतो. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणारी, आणि त्यापायी सोयाबीनच्या पट्टीचे पैसे घालवून बसणारी पोरे पारावरच्या मंडळींनी पाहिली आहेत. त्यांचा संताप रास्त आहे, परंतु तो या ठिकाणी लागू होत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायचे खेळ मना केले आणि ई-स्पोर्ट्स त्यांतून निराळे काढले; म्हणजे जो भेद पारावर होत नाही तो सरकारदरबारी झालेला आहे. 'एल्डन रिंग' एकदा विकत घेतला की त्यात पुढे पैसे टाकून बळ विकत घेण्याची कोठेही सोय नाही. सावकाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा, दोघांनाही त्याच राक्षसापुढे त्याच नियमांनी उभे राहावे लागते.

आता दुसरा आक्षेप, जो खरा वजनदार आहे: हाती काय उरते? २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झालेला हा खेळ जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीत हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाला, आणि त्यातल्या जगाची पुराणकथा रचण्याच्या कामी जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराचे साहाय्य घेतले गेले. खेळाडू हा एक निर्वासित योद्धा; त्याने मोडलेल्या राज्यात परतून सिंहासनापर्यंत पोहोचायचे. वाटेत तो मरतो, आणि मेला की त्याने जमवलेले सारे 'रून', म्हणजे त्या जगातले चलन आणि अनुभव एकत्रच, मरणाच्या जागी पडून राहतात. परत जाऊन उचलले तर आपले. वाटेत पुन्हा मेलो तर कायमचे जप्त.

पहिल्या मोठ्या किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा एक शिंगाळा, शेपटीचा, उंच म्हातारा उभा असतो. तो आपली वाकडी काठी डोक्यावर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. सारे मर्म या धरून ठेवण्यात आहे. काठी वर जाताच खेळणाऱ्याचे बोट भीतीने आपोआप दाबले जाते, आपला योद्धा बाजूला लोळण घेतो, लोळण संपून तो उठू लागतो, आणि नेमकी त्याच क्षणी काठी खाली येते. मी पहिल्या तीन रात्री असाच मेलो. चौथ्या रात्री शाळेतली एक जुनी चौकटीची वही काढून तीत लिहिले: "काठी वर गेली तरी हलायचे नाही. एक, दोन, खांदा उतरला की मग." त्यानंतर मी मेलो नाही असे नव्हे, परंतु का मेलो हे मला प्रत्येक वेळी ठाऊक असे.

ज्यांना हा व्यर्थ उद्योग वाटतो, त्यांना मी आपल्याच गावची एक गोष्ट विचारतो. सीमेवरच्या आपल्या जत्रांत नारळापासून कुस्त्या सुरू होतात आणि चांदीच्या कड्यावर संपतात. कड्याची कुस्ती मारणाऱ्या पोराला आपण खांद्यावर घेतो, पण तालमीच्या मातीत तो कितीदा चितपट झाला याचा हिशेब कोणी मागत नाही. वस्तुतः त्याची विद्या त्या चितपट होण्यातच घडलेली असते: समोरच्याचा हात मानेवर पडला की घाबरून मागे न रेटता श्वासभर थांबायचे, हे वस्तादाने शंभरदा सांगून येत नाही, ते पाठीला माती लागून येते. कडे पुढे मोडीत जाते. ते थांबणे अंगात राहते. तालमीत शरीरही कमावले जाते आणि माझ्या खेळात ते कमावले जात नाही, हे मी निमूटपणे मान्य करतो. परंतु भीतीच्या क्षणी थांबता येणे ही जर तालमीत विद्या ठरते, तर ती पडद्यापुढे मिळाली एवढ्याच सबबीवर ती फुकट कशी ठरते?

येथे खेळाच्या मोकळ्या जगाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मंडनाचा गाभा तोच आहे. मार्गिट वाट अडवतो, पण तो जगाचे दार बंद करत नाही. दक्षिणेस एक पावसाळी द्वीपकल्प आहे, तेथे पडकी देऊळवजा चर्च आहेत, लहान शत्रू आहेत, तरवारीला धार लावण्याचे दगड आहेत. टॉरेंट या घोड्यावर बसून माणूस हव्या त्या दिशेला निघू शकतो, चार दिवस तिकडे काढू शकतो आणि मग परत येऊ शकतो. मी तेच केले. परतलो तेव्हा मार्गिट तोच होता, काठी तीच होती, परंतु आता माझ्या अंगी तिचे दोन फटके सोसण्याचे बळ होते. ज्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला पुन्हा त्याच दाराशी डोके आपटावे लागते त्या परीक्षा मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे. म्हणून मला या खेळाची ही मुभा फार मोलाची वाटते. या खेळाला जे क्रूर म्हणतात ते दार पाहतात आणि दक्षिणेचा रस्ता पाहत नाहीत. खेळात सोपी पायरी निवडण्याची सोय नाही हे खरे, आणि ज्याच्या बोटांना वा डोळ्यांना दुखण्यामुळे मर्यादा आहे त्याने ती मागितली तर त्याची मागणी न्याय्य आहे. दक्षिणेचा रस्ता त्याच्या बोटांना वेग देऊ शकत नाही. पण धडधाकट माणसाने अडथळ्यालाच अन्याय म्हणावे, हे मला पटत नाही.

हीच मुभा या खेळाच्या कथेतही आहे. खेळातली सारी भाषणे इंग्रजीत, मराठी वा कन्नड लिपीचा पत्ता नाही, आणि कथा तर सरळ कोणी सांगतच नाही. ती शस्त्रांच्या आणि ताईतांच्या वर्णनांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते. मियाझाकी यांनी सांगितले आहे की लहानपणी ग्रंथालयातून आणलेली इंग्रजी पुस्तके त्यांना अर्धवटच समजत आणि उरलेले ते कल्पनेने भरून काढीत. आम्हां बीदर जिल्ह्यातल्या लोकांना हे सांगावे लागत नाही. निजामाच्या अमदानीतले जमिनीचे दस्तऐवज उर्दूत, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरची पहाणी कन्नडात, आणि घरातली भांडणे मराठीत: कागद पहिल्या वाचनात कधीच पुरा उलगडत नाही, तो बाजूला ठेवून, कोणाला तरी विचारून, महिन्याने पुन्हा हाती घ्यावा लागतो.

राहिली पुतण्याची हरकत. शेवटच्या लढाईत मी 'मिमिक टिअर' ही आत्म्याची राख वापरली, जिच्यातून आपल्याच रूपाचा एक जोडीदार उभा राहतो. त्याच्या पिढीत असे मत आहे की एकट्याने मारलेला शत्रूच खरा. मलेनिया नावाची जी योद्धी आपला प्रत्येक वार लागताच स्वतःची जखम भरून घेते, तिला त्याने एकट्याने हरवले, आणि ते मी श्रद्धेने पाहिले आहे. पण ज्या हाताने मार्गिट घडवला त्याच हाताने आरंभीच्या मुलखात त्या राखा जागवणारी घंटा ठेवली आहे, आणि ही विशिष्ट राख जागवताना तर आपल्याच प्राणाचा हिस्सा मोजावा लागतो. जी गोष्ट नियमांत दिली आहे, जिचा मोबदला घेतला जातो, ती लबाडी कशी? खुद्द मियाझाकी यांनी २०२४ मध्ये सांगितले की आपण खेळण्यात कच्चे आहोत आणि हाताशी असेल ते प्रत्येक साधन वापरतो. एकट्याने लढणे हे व्रत आहे. ज्याने घेतले त्याने ते पाळावे. पण व्रत न घेतलेल्याचा उपास मोडला असे म्हणण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही.

शेवटी प्रथम रॅडॅगॉन हातोडा घेऊन येतो, आणि तो पडताच, मध्ये श्वास घेण्यास किंवा औषधाची कुपी भरून घेण्यास जागा न देता, एल्डन बीस्ट हा चांदण्यासारखा विशाल प्राणी उथळ पाण्यावर तरंगत दूर निघून जातो आणि आपल्याला त्याच्या मागे धावावे लागते. त्या रात्री गावातली वीज दोनदा गेली. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा अडीच वाजले होते. माझा योद्धा सिंहासनावर बसला तेव्हा घरात कोणी जागे नव्हते, आणि मी बराच वेळ दिवा न लावता बसून राहिलो.

वही भरली होती. आता ती भालकीला कॉलेजात जाणाऱ्या माझ्या पुतणीने मागून नेली आहे. तिने परवाच खेळ सुरू केला. देण्यापूर्वी मी पहिले पान, जे तोवर कोरे होते, उघडले आणि त्यावर लिहिले: "मार्गिटकडे आत्ताच जाऊ नकोस. आधी दक्षिणेला जा."