बांध फुटला म्हणून शेत सोडायचे काय?

चातुर्मास सुरू होऊन महिना उलटला. आषाढी एकादशीच्या दिवशी आपल्याकडे घरोघर नेम धरले जातात. कोणी चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी रोज ज्ञानेश्वरीच्या थोड्या ओव्या वाचावयाचे ठरवितो, तर कोणी वैद्याच्या सांगण्यावरून पहाटे चालावयास जाण्याचा निश्चय करतो. आणि काही घरांत, फारसा गाजावाजा न करता, घरचा कर्ता पुरुष देवापुढे नारळ ठेवून सांगतो की, आजपासून दारूला शिवणार नाही. श्रावण उजाडेपर्यंत यांपैकी किती नेम अभंग राहतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाशीच विचारावे. आमचा रोख मोडलेल्या नेमांवर नाही. माणूस आहे, तेथे खाडा पडणारच. आम्हांला चिंता वाटते ती खाडा पडल्यावर सहज उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याची: "मोडला तो मोडला, आता पुढच्या वर्षी पाहू." नेम मोडण्याने जेवढी हानी होते, तिच्या कैकपट हानी हे वाक्य करते.

गोमंतकीयाला ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मांडवी-जुवारीच्या काठची आपली खाजणे पाहावीत. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी खाऱ्या पाण्याच्या तोंडातून शेते ओढून काढली. भरतीच्या रेट्याने मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची दारे बसविली. गावकरीच्या व्यवस्थेत शतकानुशतके हे बांध सांभाळले गेले. ते कधी फुटले नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. ते वरचेवर फुटत. फरक एवढाच की, बांध फुटल्याची वर्दी येताच माणसे ओहोटी गाठून खिंडार बुजवावयास धावत. कारण भरती दिवसातून दोनदा येते आणि प्रत्येक भरती खिंडार रुंद करून जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पहिल्या ओहोटीला जे काम टोपल्यांनी भागते, त्याला पंधरवड्यानंतर होड्या भरून चिखल पुरत नाही. शेतात खारे पाणी शिरले तरी पुढच्या पावसाळ्याचे गोडे पाणी ते मीठ हळूहळू धुऊन काढते. क्षार सोसणारे कोरगुटाचे भात अशा जमिनीतही तग धरते. खाजण कायमचे बुडते ते बांध फुटल्याने नव्हे. बांध फुटल्यावर "आता काय राहिले?" म्हणून माणसे घरी बसली, म्हणजे ते बुडते. ज्यांनी आज ओसाड पडलेली आणि खारफुटीने व्यापलेली खाजणे पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मनाच्या बांधाचेही असेच आहे. पहिल्या दिवशीचा खाडा बहुधा परिस्थितीमुळे पडतो. पाहुणे येतात, ताप येतो, लग्नकार्य निघते. दुसऱ्या दिवशीचा खाडा मात्र लाजेमुळे पडतो. "मी असाच, माझ्याच्याने काही होणार नाही" असा निवाडा माणूस स्वतःविरुद्ध देतो आणि मग उरलेला संकल्प स्वतःच्या हाताने बुडवितो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी या अवस्थेचा बारकाईने विचार केला. एक पेला घेतल्यानंतर माणूस त्याच्याकडे घसरलेले एक पाऊल म्हणून पाहतो की आपल्या नालायकीचा पुरावा म्हणून पाहतो, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याला तो पुरावा वाटतो, तो दुसरा पेला भरतो.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन नेमका हाच प्रश्न विचारतो: श्रद्धा आहे, पण मन ढळले आणि मध्येच घसरला, अशा साधकाचे काय होते? फुटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून नाहीसा तर होत नाही? श्रीकृष्ण त्याला दटावीत नाहीत. असा मनुष्य वाया जात नाही आणि जेथे थांबला तेथूनच त्याचा मार्ग पुढे चालू होतो, असे आश्वासन देतात. धर्मशास्त्रकारांनीही व्रतभंगाला प्रायश्चित्त सांगितले आणि त्यानंतर व्रत पुन्हा हाती घ्यावयास सांगितले. माणूस चुकणारच हे गृहीत धरूनच ही योजना केलेली आहे. आपण मात्र व्रत ठेवले आणि परतीची वाट तेवढी विसरलो.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एक साधी नवी सवय, म्हणजे ठरावीक वेळी फळ खाणे, पाणी पिणे किंवा व्यायाम करणे, लावून घ्यावयास सांगितले. त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. एकवीस दिवसांत कोणतीही सवय लागते, हा बाजारात खपणारा मंत्र त्यापुढे टिकत नाही. परंतु आम्हांला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष: एखादा दिवस हुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चातुर्मासाचे दिवस सुमारे १२० असतात. त्यांतला एक गेला, तर उरतात ते ११९. हा हिशेब न कळण्याइतके आपण अडाणी नाही.

फळ खाणे आणि दारू सोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. म्हणूनच एक इतिहास सांगतो. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन गावी डॉ. बॉब स्मिथ नावाचे एक शल्यचिकित्सक होते. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन या दुसऱ्या मद्यपीशी त्यांची गाठ पडली आणि त्यांनी दारू सोडली. काही आठवड्यांतच ते एका वैद्यकीय अधिवेशनासाठी बाहेरगावी गेले आणि पिऊन परतले. सारे संपले असे त्या दोघांनी मानले असते, तर त्यांना दोष देता आला नसता. त्यांनी पुन्हा आरंभ केला. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस ठरला. १९५० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी पुन्हा दारू घेतली नाही. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही जगभर पसरलेली आणि गोव्यातही बैठका भरविणारी चळवळ आपला स्थापनादिन म्हणून हाच दिवस पाळते. पहिल्या शपथेचा दिवस त्यांनी निवडला नाही. घसरून पुन्हा उभे राहिल्याचा दिवस निवडला. यातच सारे आले.

मग ही ढिलाईला दिलेली मुभा आहे काय? मुळीच नाही. खाजणातली माणसे फुटलेला बांध क्षुल्लक मानीत नसत. म्हणून तर ती त्याच ओहोटीला धावत. खाडा पडल्यावर सोमवारची, पहिल्या तारखेची किंवा पुढच्या पाडव्याची वाट पाहू नये. पुढची वेळ येईल तेव्हाच नेम उचलावा. बारा सूर्यनमस्कार होत नसतील तर दोन घालावेत, पण वेळ चुकवू नये. दुसरे असे की, खिंडार बुजविताना ते का पडले हे पाहावे. बांध भरतीच्या लाटेने फुटतो, पण त्याआधी खेकड्यांनी बिळे पाडून तो पोखरलेला असतो. पगाराच्या दिवशी घरी जाण्याची वाट ताव्हेर्नावरून जात असेल, तर दोष केवळ मनोबलाला देऊन भागणार नाही. वाट बदलली पाहिजे, सोबत बदलली पाहिजे. बिळे तशीच ठेवून वरून चिखल लिंपला, तर पुढच्या अमावास्येची भरती त्याची परीक्षा घेईल.

आणि यात घरच्यांचा वाटा मोठा आहे. दोन महिने दारूपासून दूर राहिलेला माणूस एका रात्री पिऊन येतो, तेव्हा "कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच" हा शब्द त्याच्या कानी पडतो. ज्या गृहिणीने वर्षानुवर्षे सोसले, तिच्या तोंडून तो निघाला तर तिला बोल लावण्याचा अधिकार आम्हांला नाही. तिने मारहाण किंवा उपासमार सोसत राहावी, असेही आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु शेजारी, सोयरे आणि कचेरीतील सहकारी जेव्हा थट्टेने हेच म्हणतात, तेव्हा ते बुजवावयास घेतलेल्या खिंडाराला आणखी एक फावडे लावीत असतात. दोन महिने तो राहिला, हे कोणी त्याला का सांगू नये? जुनाट मद्यपीने दारू एकाएकी तोडल्यास जिवावर बेतू शकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अशा वेळी शपथेपेक्षा डॉक्टर अधिक उपयोगी. बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेची पायरी चढण्यात कसलाही कमीपणा नाही.

या भूमीचा इतिहास तरी दुसरे काय सांगतो? १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली. पाठोपाठ धरपकड झाली आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांच्यासारख्यांची रवानगी पोर्तुगालच्या तुरुंगात झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि नंतर सीमेपलीकडून सत्याग्रही पाठविणेही थांबले. लढा संपला, असे म्हणणारे त्या वेळी थोडे नव्हते. १९ डिसेंबर १९६१ चा दिवस भारतीय सैन्याच्या हातून उगवला हे खरे. पण मधल्या काळात तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर प्रत्येक पराभवानंतर पुन्हा कामाला लागणारी माणसे नसती, तर तो दिवस कोणासाठी उगवला असता?

राष्ट्राला लागू पडते, ते एका घरालाही लागू पडते. कार्तिकी एकादशीला अजून अवकाश आहे. ज्यांचे नेम मोडले असतील, त्यांनी आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना नवी शपथ घेऊ नये, जुनीच उचलावी. ओहोटी लागली आहे. टोपली आणि चिखल आपल्या अंगणातच आहेत.