परका कोण, हे ठरवते कोण? वसईतून ममदानी वाचताना

२०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काही मंडळींनी त्यांच्या धर्मगुरू असण्यावर बोट ठेवले. वसई तालुक्यातल्या नंदाखालात जन्मलेल्या, हयातभर मराठीत लिहिणाऱ्या माणसाचे मराठीपण असे तपासले जावे, याचा उलगडा किल्ल्याच्या आणि लढायांच्या इतिहासातून होत नाही. त्यासाठी आफ्रिकेच्या एका अभ्यासकाकडे वळावे लागते.

महमूद ममदानी यांचा जन्म १९४६ चा, मुंबईतला. बालपण युगांडात गेले. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना देशाबाहेर घालवले, त्यांत तेही होते. काही काळ लंडनच्या निर्वासित छावणीत काढला. पुढे दार-एस-सलाम, कंपाला, केप टाऊन आणि न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ असा प्रवास झाला; प्रश्न मात्र तोच राहिला. भूमिपुत्र कोण आणि परका कोण, हे ठरवते कोण?

राज्यसंस्था, हे त्यांचे उत्तर. ‘सिटिझन अँड सब्जेक्ट’ (१९९६) या ग्रंथात ते दाखवतात, की वसाहतींच्या सत्तेने शहरातल्या गोऱ्यांना नागरी कायदा दिला आणि खेड्यातल्या आफ्रिकनांना ‘जमात’ ठरवून सरदारांच्या रूढीकायद्याखाली बांधले. रूढी पुरातन भासे. तिचा जाच सरकारी होता. रवांडात बेल्जियन सत्तेने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे नोंदवले. १९९४ च्या नरसंहारात नाक्यानाक्यांवर ओळखपत्रांतली ती नोंद पाहून माणसे मारली गेली.

या तंत्राचे मूळ ममदानी भारतात शोधतात. ‘डिफाइन अँड रूल’ (२०१२) मध्ये त्यांचा रोख हेन्री मेन या कायदेपंडितावर आहे. १८५७ ने हादरलेल्या ब्रिटिशांनी स्थानिक समाज ‘जपण्याच्या’ नावाखाली त्याची वर्गवारी केली, आणि हाच धडा पुढे आफ्रिकेत गिरवला गेला. ‘फोडा आणि झोडा’ हे शालेय सूत्र इथे अपुरे पडते. फोडण्याआधी व्याख्या करावी लागते.

वसई मात्र या सिद्धान्तालाही थोडे अडवते. पोर्तुगीज अंमल १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी संपवला, पुढे इंग्रज आले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई परिसरातील स्थानिक ख्रिस्ती पुढाऱ्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वतःहून घेतले. नोकऱ्यांच्या स्पर्धेत गोव्याहून आलेले ख्रिस्ती पोर्तुगालची प्रजा होते. आपण त्यांच्याहून वेगळे, कंपनीच्या काळापासून इंग्रजांची प्रजा, हे त्यांना ठसवायचे होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांनी ‘पूर्व’ धारण केले ते असे! म्हणजे व्याख्या केवळ वरून लादली जात नाही. प्रजाही सत्तेचीच भाषा उचलून आपला हिशेब मांडते. ममदानींच्या मांडणीत ही बाजू फिकी राहते.

वसईत हे नावही सर्वांनी सारखे आपलेसे केले नाही. अनेकांना आजही कुपारी किंवा वाडवळ म्हणवून घेणेच जवळचे वाटते. कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांची घरची बोली थोड्याफार फरकाने एकच, सामवेदी. २०१९ मध्ये आक्षेप घेणाऱ्यांनी धर्माचा रकाना तेवढा वाचला.