आधीं उदाहरण वाचा, मग आंकडे मांडा

शाळेंतील सर्व विषयांत मुलांना गणिताची भीति अधिक वाटते, हें सर्वविश्रुत आहे. परंतु ही भीति नक्की कशाची, याचा विचार घरीं किंवा शाळेंत फारसा होत नाहीं. पाटीवर ४५ खालीं २७ लिहून वजाबाकी करावयास सांगितली, तर चौथींतील मुलगा ती बहुधा बिनचूक करतो. तीच वजाबाकी एखाद्या गोष्टीच्या रूपानें पुढें आली, म्हणजे मात्र तो उदाहरण पुरतें न वाचतांच विचारतो, “गुरुजी, बेरीज करूं कीं वजाबाकी?” आमच्या मतें सर्व अडचणीचें मूळ या एका प्रश्नांत आहे. तो विचारणाऱ्यास बेरीज येते आणि वजाबाकीहि येते. उदाहरण तेवढें त्यानें वाचलेलें नसतें. यासाठीं शाब्दिक उदाहरणांचा अभ्यास वाचनापासून सुरू झाला पाहिजे, आंकडे मागाहून यावेत, असें आमचें मत आहे व तें येथें सकारण मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

वाशीमकरांस हा विषय परका वाटूं नये. वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. भास्कराचार्यांनीं ‘करणकुतूहल’ या ग्रंथांत पृथ्वीच्या मध्यरेषेवरील स्थळें सांगतांना लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांच्या मालिकेंत वत्सगुल्माचें नांव घेतलें आहे. आणि गांवांतील मध्यमेश्वराच्या देवळाचा संबंध लोक याच रेषेशीं जोडतात. याच आचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें, वयाच्या ३६ व्या वर्षीं, ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. ‘लीलावती’ हा त्यांतीलच पाटीगणिताचा भाग होय. पुढें त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिल्याचें तेथील शिलालेख सांगतो. ज्या भूमीची गणिताशीं अशी जुनी सोयरीक आहे, तेथील मुलांनीं साध्या पूर्णांकांच्या उदाहरणांस भ्यावें, हें शोभत नाहीं.

‘लीलावती’ची शिकविण्याची तऱ्हा पाहण्याजोगी आहे. बेरजेच्या उदाहरणांत २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० या सात संख्या देऊन त्यांची बेरीज विचारली आहे व ती १०,००० मधून वजा करावयास सांगितली आहे. उत्तरें अनुक्रमें ३६० व ९६४०. गुणाकाराच्या उदाहरणांत १३५ ला १२ नें गुणावयाचें आहे. उत्तर एकच, १६२०; पण तेथवर जाण्याच्या वाटा अनेक दाखविल्या आहेत. १२ चे ४ व ८ असे दोन खंड करा, दोहोंनीं निरनिराळें गुणा आणि मिळवा. किंवा १२ म्हणजे ३ गुणिले ४ हें ध्यानांत घेऊन एकामागून एक गुणा. किंवा १० नें व २ नें गुणून बेरीज घ्या. किंवा १२ मध्यें ८ मिळवून २० नें गुणा, म्हणजे २७०० येतील. त्यांतून आठपट, म्हणजे १०८०, वजा करा. एकाच उदाहरणाच्या इतक्या रीती दाखविण्यांत आचार्यांचा हेतु काय असावा? विद्यार्थ्यानें रीतीचा दास होऊं नये, संख्या आपल्या हातानें फोडून व जोडून पाहावी, हाच आम्हांस तो दिसतो.

आमच्या वर्गांतून याच्या अगदीं उलट चाललेलें आढळतें. मुलांना खुणेचे शब्द पाठ करविले जातात: ‘एकूण’ आलें कीं बेरीज, ‘उरले’ आलें कीं वजाबाकी, ‘प्रत्येकीं’ आलें कीं गुणाकार किंवा भागाकार. परीक्षेपुरती ही युक्ति चालते; परंतु ती मुलास वाचनापासून परावृत्त करते. पुढील उदाहरण पाहा. कारंज्याच्या बाजारांत एका शेतकऱ्यानें १८ पोतीं सोयाबीन विकलें. आतां त्याच्यापाशीं २७ पोतीं उरलीं. तर आरंभीं त्याच्यापाशीं किती पोतीं होतीं? ‘विकलें’ आणि ‘उरलीं’ हे दोन शब्द दिसतांच पुष्कळ मुलें २७ मधून १८ वजा करून ९ लिहून मोकळीं होतात. ज्याच्या घरीं आज २७ पोतीं आहेत, त्याच्या घरीं विक्रीपूर्वीं अवघीं ९ कशीं असतील, हा विचार मनांत येत नाहीं. उत्तर ४५ आहे. तसेंच, रमेपाशीं २४ बोरें आहेत व तीं शांतेच्या बोरांपेक्षां ६ अधिक आहेत, असें सांगून शांतेचीं बोरें विचारलीं, तर ‘अधिक’ या शब्दास भुलून मुलें ३० सांगतात. खरें उत्तर १८. दोन्ही ठिकाणीं आंकडेमोड चुकलेली नाहीं. चुकलें आहे तें मराठी वाचन.

हा दोष केवळ आमच्याकडेच आहे असें नाहीं. इ. स. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथें लहान मुलांना एक विचित्र उदाहरण घातलें गेलें: जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचें वय किती? ९७ मुलांपैकीं ७६ जणांनीं दिलेल्या आंकड्यांचा कांहीं तरी मेळ घालून वय काढलें. “एवढ्या माहितीवरून हें सांगतां येत नाहीं,” असें म्हणण्याचें धैर्य थोड्यांनाच झालें. त्याच सुमारास अमेरिकेंत तेरा वर्षांच्या मुलांना विचारण्यांत आलें, कीं एका गाडींत ३६ शिपाई बसतात, तर ११२८ शिपायांस किती गाड्या लागतील? शेंकडा सुमारें ७० मुलांनीं भागाकार बरोबर केला. परंतु ३२ गाड्या हें उत्तर शेंकडा २३ जणांनींच दिलें. कित्येकांनीं ‘३१, बाकी १२’ असें लिहिलें. ते १२ शिपाई रस्त्यावरच राहिले, याची त्यांना दाद नव्हती! रामनवमीस पोहरादेवीच्या यात्रेस २३० माणसें निघालीं आणि एका गाडींत ४५ बसतात, तर ५ गाड्या सांगणाऱ्या मुलास मागें राहिलेल्या पांच यात्रेकरूंचीं तोंडें दिसलीं पाहिजेत. तीं ज्यास दिसतात, तो ६ गाड्या सांगतो.

आतां याची दुसरी बाजू पाहूं. ब्राझील देशांतील रेसिफी शहरांत रस्त्यावर फळें विकणाऱ्या पांच मुलांचा अभ्यास इ. स. १९८५ मध्यें प्रसिद्ध झाला. बाजारांत विचारलेल्या हिशेबांचीं शेंकडा सुमारें ९८ उत्तरें त्यांनीं बरोबर दिलीं. त्याच तऱ्हेचे हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपानें घातले तेव्हां हें प्रमाण ७४ वर आलें, आणि नुसते आंकडे मांडून दिले तेव्हां ३७ वर. त्यांतील बारा वर्षांच्या एका मुलास ३५ च्या भावानें दहा नारळांची किंमत विचारली. त्यानें आधीं तीन नारळांचे १०५ केले, आणखी तिहींचे मिळून २१०, आणि असें चढत जाऊन ३५० सांगितले. दहानें गुणतांना शून्य द्यावें, ही शाळेची रीत त्यानें वापरली नाहीं. पण त्यानें केलें तें भास्कराचार्यांच्या खंडगुणनाचेंच भावंड होतें. इ. स. २०२५ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयींचा लेख आला, त्याचाहि निष्कर्ष असाच आहे: बाजारांतील मुलांना तोंडी हिशेब येतो पण शाळेची मांडणी येत नाहीं, आणि शाळेंतील मुलांना मांडणी येते पण बाजारांतला हिशेब येत नाहीं. शाळा आणि बाजार यांमध्यें अशी भिंत उभी राहावी, ही दोघांचीहि हानि आहे. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याहि तालुक्याचा आठवडी बाजार घ्या. आईबापांच्या भाजीच्या पथारीवर बसून मोड परत देणारीं मुलें तेथें दिसतील. त्यांतीलच एखादें मूल सोमवारीं वर्गांत गणितांत ‘कच्चें’ ठरत असेल, तर दोष केवळ मुलाचा मानणें न्यायाचें होणार नाहीं.

कोणी म्हणेल, मुलांना साधा भागाकारच येत नाहीं, मग वाचनाच्या गोष्टी कशाला? आक्षेप खोटा नाहीं. ‘असर’ या पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागूं शकणारीं इ. स. २०२२ मध्यें शेंकडा २५.६ होतीं व २०२४ मध्यें ३०.७. म्हणजे दहांतील सुमारें सात मुलें अजून तेथवर पोंचलीं नव्हतीं. परंतु भागाकार म्हणजे वांटणी, ही गोष्ट ज्यास उमगली नाहीं, त्यास भागाकाराच्या पायऱ्या कितीहि घोकविल्या तरी त्या टिकावयाच्या कशा? अर्थ आणि सराव हे एकाच गाडीचे दोन बैल आहेत. एकाला सोडून दुसऱ्यास मारीत राहिल्यानें गाडी पुढें जात नाहीं.

पाठांतराचे आम्ही शत्रु नाहीं. आमचे वाडवडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ म्हणत. रुपयाचे सोळा आणे व मणाचे चाळीस शेर होते, तेव्हां त्या पाठांतराचा रोजच्या व्यवहाराशीं धागा जुळलेला होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, पुढें मापेंहि बदललीं, आणि तो धागा तुटला. पाढे मात्र आजहि हवेत. सात आठे छप्पन्न ज्यास तत्काळ सुचत नाहीं, त्याचें मन उदाहरणाच्या अर्थाकडे लागणारच नाहीं. संख्यावाचनाविषयींहि आमचें मत असेंच आहे. इ. स. २०१९ मध्यें दुसरीच्या पुस्तकांत ‘एकवीस’ याजबरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धति आली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारें मूल प्रत्येक शिक्षकानें पाहिलेलें आहे. आपल्या जुन्या संख्यानामांचा गोडवा आम्हांस प्रिय आहे, तीं टिकावींत. पण त्रेपन्न म्हणजे पांच दशक व तीन एकक, हें मुलास दिसलें पाहिजे. मग तें कोणत्या वाटेनें दिसतें, यावर भांडण नको.

हल्लीं दुसरा एक आक्षेप ऐकूं येतो: हिशेब मोबाइल करतो, मग मुलांना हा शीण कशाला? ११२८ ला ३६ नें भागावयास सांगा, यंत्र ३१.३३ दाखवील. गाड्या किती मागवाव्या, हें तें आपण होऊन सांगणार नाहीं. प्रश्न काय होता हें ठरविणें माणसाकडेच राहतें. आणि हा प्रश्न केवळ गुणांचा नाहीं. कर्ज देणारा म्हणतो, “दरमहा शेंकडा तीनच रुपये.” कानाला ही रक्कम किरकोळ वाटते. दहा हजारांवर ती महिन्यास ३०० होते, वर्षास ३६००, आणि तीन वर्षांत १०,८००. म्हणजे घेतलेल्या रकमेहून अधिक व्याज भरूनहि मुद्दल जसेंच्या तसें उभें! हें गणित चौथीच्या गुणाकाराच्या पलीकडचें नाहीं. तें अंगठा उठविण्यापूर्वीं करावें कीं नंतर, एवढ्यावर आमच्या वऱ्हाडांत शेताचें भवितव्य ठरतें.

तेव्हां करावें काय? हंगेरींत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनीं इ. स. १९४५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: समजून घेणें, योजना करणें, ती पार पाडणें व मागें वळून पाहणें. यांस आपल्या शाळेच्या भाषेंत आम्ही असें रूप देऊं. प्रथम उदाहरण वाचून पुस्तक मिटावें व तें आपल्या शब्दांत शेजाऱ्यास सांगावें; जें सांगतां येत नाहीं तें समजलेलें नाहीं. मग उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज बांधावा. त्यानंतरच पाटीवर आंकडे मांडावे. शेवटीं आलेलें उत्तर पुन्हा गोष्टींत घालून गोष्ट जुळते कीं नाहीं तें पाहावें. शिक्षकांनीं मधून मधून असें उदाहरण घालावें, कीं ज्यांत एखादा आंकडा निरुपयोगी आहे किंवा पुरेशी माहितीच नाहीं; आणि “हें सांगतां येत नाहीं,” असें सकारण लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावे. ठाऊक नसलेलें ठाऊक असल्यासारखें न लिहिणें, हा गणिताइतकाच शीलाचाहि धडा आहे.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी शाळेंतून आली म्हणजे “गुण किती?” हें विचारण्यापूर्वीं “तूं हें कसें काढलेंस?” असें विचारावें. आपणांस अक्षरओळख नसली तरी बिघडत नाहीं. ऐकणारें माणूस असलें कीं सांगणाऱ्याचा विचार आपोआप सरळ होतो. किराणा दुकानाची यादी, एस्टीचें तिकीट, बाजारांतील पोत्यांची पावती, हीं त्याच्या हातीं द्यावीं व त्यांवरून उदाहरणें करावयास सांगावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस सांगावयाचें तें असें, कीं पुढील परीक्षेंत उदाहरण दिसतांच लेखणी उचलूं नका. तें दोनदां वाचा; त्यांतील शेतकरी, पोतीं, गाडी व यात्रेकरू डोळ्यांपुढें आणा. मग बेरीज कीं वजाबाकी, हें कोणास विचारण्याची पाळी तुमच्यावर येणार नाहीं.